‘पैसे घेतात आणि काम पेशंटवर ढकलतात’ या अभिप्रायाला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार.

आमच्या मधुमेह क्लिनिकच्या वर्षभराच्या फोन-योजनेला तुम्ही एक स्टार दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात. पैसे भरूनही फोनवर डॉक्टर येत नाहीत, सिस्टर येतात. रात्री आईंची साखर 62 आली, मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तर सकाळपर्यंत उत्तर नाही. आणि नोंदी ठेवायला लावून आम्ही आमचं काम पेशंटवर ढकलतो. तुम्ही पुण्यात, आई गावी, त्यात रात्रीची वेळ. जीव किती टांगणीला लागला असेल, ते मला कळतं. आईंच्या तब्येतीबद्दल आणि औषधांबद्दल मी इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. सर्वांना लागू आहे तेवढंच सांगते, कारण या शंका आणखी बऱ्याच घरांत आहेत.

आधी रात्रीचं. आमचा व्हॉट्सॲप नंबर सकाळी 9 ते संध्याकाळी 6 एवढाच वेळ पाहिला जातो. नाव नोंदवताना आम्ही हे सांगतो, कार्डावरही छापलेलं आहे. तो रात्रभर चालू न ठेवण्याचं कारण पैशाचं नाही. साखर 70 च्या खाली गेली की उत्तराची वाट बघत बसणं हाच धोका असतो. त्या क्षणी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्यायची. आकडा वर आला की पोळी, भात, जे घरात असेल ते थोडं खायचं. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट 108 ला फोन करायचा. मी स्वतः जागी असते तरी हेच सांगितलं असतं, आणि फोटो काढून पाठवण्यात तोवर वेळ गेला असता. म्हणून पहिल्याच महिन्यात सिस्टर हे सगळं पेशंटकडून आणि घरातल्या एका माणसाकडून त्यांच्या शब्दांत म्हणवून घेतात. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही तातडीच्या वेळी फोनवर प्रथमोपचार सांगून पेशंटला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवावं असंच आहे.

तरी रात्रीची नोंद वाया जात नाही. सकाळी ती दिसली की सिस्टर फोन करून आदल्या संध्याकाळचं सगळं विचारतात आणि मला कळवतात. गोळी किंवा इन्सुलिनचं प्रमाण बदलायचं असेल तर ते मीच ठरवते, त्यात सिस्टरचा निर्णय नसतो.

सिस्टरबद्दल तुम्ही ‘साधी मुलगी’ असं लिहिलंय, ते मला लागलं. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस बहुतेक वेळा ‘सगळं वेळेवर चाललंय’ एवढंच सांगतो. तोच माणूस सिस्टरच्या फोनवर मोकळा होतो. आमच्या भागात शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते. पाणी द्यायला जाणारा माणूस गोळी आठला घेतो आणि जेवतो साडेअकराला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जेवण लांबलं तरी साखर उतरवतच राहतात, मग बांधावर घाम फुटतो, हात थरथरतात. एकादशीला उपास धरून गोळी मात्र नेहमीसारखी घेणारे आहेत, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज काही खाल्लंच नाही’ म्हणणारेही आहेत. इन्सुलिन घेणारी एखादी आजी पोटावर एकाच जागी सुई टोचत राहते, कारण तिथे दुखत नाही. तिथे गाठ होते, औषध नीट शोषलं जात नाही, साखर वाढलेली दिसते आणि डॉक्टर डोस वाढवतात. ‘सुई नेमकी कुठे टोचता?’ हा प्रश्न निवांत विचारणारं कुणीतरी हवं. आमच्याकडे तो सिस्टर विचारतात.

फोनचा उपयोग होतो, हे मी केवळ माझ्या अनुभवावरून म्हणत नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 नोकरदार पुरुषांचा दोन वर्षं अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सुरुवातीला आहार-व्यायामाचा सल्ला दिला होता. एका गटाला त्याशिवाय मोबाईलवर नियमित मेसेज जात होते. मेसेज न मिळालेल्या गटात 27 टक्के लोकांना मधुमेह झाला, मिळालेल्या गटात 18 टक्के लोकांना. त्या लोकांना अजून मधुमेह झालेला नव्हता, त्यामुळे तोच आकडा आमच्या पेशंटना लावून मी जाहिरात करणार नाही. पण साध्या मेसेजनेही माणसाचं वागणं बदलू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

राहिलं काम ढकलण्याचं. पेशंट माझ्यासमोर वर्षातून तीन-चार वेळा बसतो. मधल्या काळात ताटात काय वाढायचं, गोळी कधी घ्यायची, तळपायाला फोड तर नाही ना, हे रोज त्यालाच बघावं लागतं. मधुमेहात ते कुणालाच टळत नाही, मी डॉक्टर असले तरी ते त्यांच्या वतीने करू शकत नाही. ते नीट जमावं म्हणूनच ही योजना आहे. एक मात्र खरं, रोज बोट टोचायची गरज सगळ्यांना नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त वेळा तपासावं लागतं, गोळ्यांवर साखर स्थिर असलेल्यांना पुष्कळ कमी. आईंना किती वेळा लागेल ते आपण समोर बसून ठरवू. मोबाईलवर लिहिणं जड जात असेल तर वहीत लिहू द्या, सिस्टर साध्या फोनवर आकडे विचारून घेतील.

आईंची संमती असेल तर सिस्टरच्या आठवड्याच्या फोनवर तुम्हालाही जोडून घेऊ, म्हणजे पुण्यातून सगळं ऐकू येईल. पुढच्या वेळी येताना मीटर, वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, आयुर्वेदिक काही घेत असतील तर तेही. त्यानंतरही योजना बंद करावीशी वाटली तर काउंटरवर सांगा, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील आणि आईंची तपासणी नेहमीसारखी चालू राहील.