‘वर्गात हे सांगायची काय गरज होती?’

सर, नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं शिकवून तुम्ही निवृत्त झालात, म्हणून घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं असं : मी समलिंगी आहे ही खासगी बाब, ती अकरावीच्या वर्गात सांगायची गरज नव्हती, मुलं शिक्षकांचं अनुकरण करतात, आणि निदान आईवडिलांचा तरी विचार करायला हवा होता.

आमच्या स्टाफरूममध्ये लग्नाच्या वाढदिवसाचे पेढे येतात, त्यातले वर्गातही वाटले जातात. त्याला कुणी खासगी म्हणत नाही, म्हणूही नये. मला दरवर्षी कुणीतरी विचारायचं, “सर, लग्न कधी?” मी “बघू” म्हणून फळ्याकडे वळायचो.

त्या ‘बघू’तूनही मुलं काहीतरी शिकतच होती. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला पोरं ‘बायल्या’ म्हणून चिडवायची. मी ऐकलं आणि “शांत बसा, पुस्तकं उघडा” एवढंच म्हणालो. त्याची बाजू घेतली तर बोट माझ्याकडे वळेल, ही भीती. बारावीला तो कॉलेज सोडून गेला. हे मी स्वतःला माफ करू शकलेलो नाही. यंदा तोच प्रश्न आला तेव्हा सांगून टाकलं, “मला पुरुष आवडतात, त्यामुळे मी मुलीशी लग्न करणार नाही.” वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, “घरी माहीत आहे?” हो म्हणालो, आणि धडा पुढे सुरू केला.

अनुकरणाचं म्हणाल, तर मला शिकवणारे सगळे संसारी होते. त्यांचं पाहून माझा कल बदलला नाही.

आणि दाराआड राहिलं की शिक्षक सुरक्षित राहतो, असंही नाही. रामचंद्र सिरस तुम्हाला आठवत असतील. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवड्याच्या आत ते राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. त्यांचं खासगी आयुष्य खासगी कुणी राहू दिलं, सर?

राहिले आईवडील. वर्गाआधी चार महिने मी त्यांना सांगितलं होतं. तोवर पत्रिका जुळत होत्या, एका घरी कांदेपोहेही होऊन आले होते. त्या मुलीचा विचार कुणी करायचा होता? आई खूप रडली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, अजूनही या विषयावर बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वधू-वर सूचक केंद्रात गेले आणि माझं नाव काढून आले.