‘इंटरनेटचे पत्ते अमेरिका वाटते’ या दाव्याचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा की, इंटरनेटचे आयपी पत्ते (जाळ्यावर उपकरणे ओळखणारे क्रमांक) अमेरिका वाटते, नियम बड्या कंपन्या मतांच्या जोरावर करतात, म्हणून भारताच्या वाट्याला उरलेसुरले येते. तेव्हा हा कारभार सरकारांच्या हाती द्यावा. यातल्या एका तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे खापर भलत्याच्याच माथी फोडले आहे.

अमेरिकेचा मुद्दा लवकर आटोपतो. या पत्त्यांच्या जागतिक मध्यवर्ती साठ्याच्या कामावर तिच्या वाणिज्य विभागाची कराराने देखरेख होती खरी, परंतु तो करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आला. आशिया-प्रशांत विभागातील वाटप त्याच्या कितीतरी आधीपासून ब्रिस्बेनची एपनिक ही ना-नफा संस्था करते आणि भारतातील इंटरनेट सेवादात्यांना २०१२ पासून निक्सी (देशातील इंटरनेट वाहतुकीची देवाणघेवाण केंद्रे चालवणारी संस्था) हिच्या ‘इरिन’ या राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडे अर्ज करता येतो.

मतांच्या जोराविषयी. एपनिकच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत जास्त शुल्क भरणाऱ्या सदस्याला जास्त मते असतात, अगदी ६४ पर्यंत. हे मला स्वतःला खटकते. वाटपाचे नियम मात्र मतदानाने ठरत नाहीत. प्रस्ताव कोणीही मांडू शकतो, त्यासाठी सदस्यत्व लागत नाही. आक्षेपांना उत्तर मिळाले की नाही हे पाहून चर्चेचे अध्यक्ष सहमती झाल्याचे जाहीर करतात, त्यानंतरही हरकतींसाठी चार आठवडे दिले जातात आणि मगच प्रस्ताव कार्यकारिणीच्या मान्यतेसाठी जातो.

‘उरलेसुरले’ ही तक्रार मात्र झटकून टाकण्याजोगी नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांतले जवळजवळ १ कोटी ६८ लाख एकट्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाकडे होते, आणि २०१७ मध्ये त्यांतला मोठा हिस्सा त्याने विकायला काढला. पण ही खिरापत वाटली गेली ती प्रादेशिक संस्था आणि त्यांची खुली धोरणप्रक्रिया जन्माला येण्यापूर्वी, म्हणजे मागेल त्याला गठ्ठा मिळत असे त्या काळात. या खुल्या प्रक्रियेत भाग घेणाऱ्या समुदायाने काय केले ते पाहायचे तर २००८ सालच्या निर्णयाकडे पाहावे लागते. तोवर ‘गरज दाखवा, पत्ते घ्या’ अशी रीत होती आणि तिच्यात लाखो ग्राहकांची कंपनी उरलेला साठा एका दमात रिकामा करू शकली असती. साठा संपायच्या आधीच असे ठरले की, अखेरच्या गठ्ठ्यातून जुना असो वा नवा, लहान असो वा मोठा, प्रत्येकाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील. १५ एप्रिल २०११ रोजी हा नियम लागू झाला; पुढे २०१९ मध्ये मर्यादा ५१२ वर आणली गेली. सांगली-साताऱ्याकडे केबलच्या जोडीने इंटरनेट पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या व्यावसायिकाने त्यानंतर स्वतःच्या नावे पत्ते घेतले असतील, तर ते बहुधा १०३ ने सुरू होतात. तो हाच गठ्ठा.

राहिला सरकारांचा मुद्दा. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेत मताचा अधिकार केवळ सदस्यराष्ट्रांना असतो. तिथे सांगलीच्या त्या व्यावसायिकाला दिल्लीमार्फतच बोलावे लागेल, तर आजच्या प्रक्रियेत तो आणि मंत्रालयाचा अधिकारी दोघेही थेट बोलू शकतात. आफ्रिकेचे उदाहरण यावर हमखास पुढे केले जाते आणि ते वजनदार आहे: तिथे पत्ते वाटणाऱ्या आफ्रिनिक या संस्थेविरुद्ध २०२१ पासून मॉरिशसच्या न्यायालयांत दावे चालले, संचालक मंडळाला गणसंख्याही उरली नाही आणि २०२३ मध्ये न्यायालयाला संस्थेवर रिसीव्हर (कारभार तात्पुरता सांभाळणारा अधिकारी) नेमावा लागला. एका देशाच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था किती सहज अडचणीत येते, हे त्यातून दिसले. पण त्यावरचा इलाज संस्थेची घटना आणि संचालकांची निवडणूक यांत शोधावा लागेल. नियम ठरवताना सेवादात्यांचे बोलणे बंद केल्याने तो सापडणार नाही.

तक्रार करायचीच तर या मजकुरात नसलेली एक करता येईल. ही सारी चर्चा इंग्रजीत चालते, लांबत जाते आणि दिवसभर तुटलेल्या फायबरमागे धावणाऱ्या माणसाला ती वाचायलाही सवड नसते.