एवढं स्वच्छ मराठी म्हणजे एआयचंच?

गेल्या चवथीला इथे गोव्यात आमच्या मंडळाने मुलांची निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय 'आमच्या घरची माटोळी', म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळं, फळं-भाज्या बांधलेली लाकडी चौकट. निबंध व्हॉट्सअॅपवर टाइप करून मागवले होते, परीक्षक आम्ही तिघे. सातवीतल्या एका मुलीचा निबंध वाचता वाचताच सोबतचे म्हणाले, "हे एआयचं. एवढं स्वच्छ मराठी फोंड्यातलं पोर लिहील?" मजकूर कुठल्याशा तपासणी साइटवर टाकला. तिथेही 'यंत्रलिखित' आलं. निबंध बाद!

कौल देवाकडे मागतात हो. साइटवरचा आकडा म्हणजे कौल नव्हे.

अशी बरीच साधनं काय बघतात, तर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते. भाषा सरळ, शब्द नेहमीचे, की संशय आलाच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांना दिले. सगळे माणसांनीच लिहिलेले, तरी सरासरी ६१ टक्के वेळा ते यंत्राचे ठरले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं तपासणी साधन त्याच वर्षी जानेवारीत आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. ही गत इंग्रजीत. मराठीचं काय बोलायचं?

आणि आमच्या गोव्यात तर कितीतरी घरांत बोलणं कोकणी, लिहिणं-वाचणं मराठी. मुलांचं मराठी येतं पाठ्यपुस्तकातून, पेपरातून. ते पुस्तकी होणारच. ती त्यांची मेहनत आहे, चोरी नव्हे.

मी त्या मुलीला बोलावून घेतलं. निबंधाचा विषयच काढला नाही. माटोळी कशी बांधता, एवढंच विचारलं. "केवणीचो दोर भिजोवन घेवंक जाय, सुको आसल्यार तुटता," ती म्हणाली आणि हवेतच बोटांनी गाठ मारून दाखवू लागली. कांगलां कुठल्या डोंगरावर मिळतात, कवंडळं आजोबा कधी काढून आणतात, सगळं सांगितलं. ही नावं यंत्रही लिहील, मान्य. म्हणूनच नुसता मजकूर हुंगत बसू नका, माणसाशी बोला. एखादा एआयचा निबंध सुटून बक्षीस घेऊन गेला तरी मला चालेल, पण खऱ्या लिहिणाऱ्याला खोटं ठरवणं चालणार नाही.

निबंध पुन्हा स्पर्धेत घेतला, तिला दुसरं बक्षीस मिळालं. परवा तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, आता ती मुद्दाम चुका करून लिहिते. "कोणें परत एआयचें म्हणूंक नजो म्हूण."