‘विंडोज १० बंद, ४९९ रुपयांत आजीवन परवाना’ : दुकानदारांना गोत्यात आणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझा मामेभाऊ कराडजवळ रंग, पाइप आणि लोखंडी सामानाचे दुकान चालवतो. हिशेबासाठी एक, गल्ल्यावर बिले छापण्यासाठी एक आणि गोदामात एक, असे तीन संगणक त्याच्याकडे आहेत. गेल्या महिन्यात त्याने व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक लांबलचक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, “दादा, हे मी करून टाकलंय. बरोबर आहे ना?” बरोबर नव्हते. दुसऱ्या दिवशी तोच संदेश आमच्या कार्यालयातल्या दोन अशिलांकडूनही आला. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो, तिथले अकरा संगणकही माझ्याच अंगावर आहेत, आणि आता एकेकाला फोनवर तेच तेच समजावून सांगण्याचा माझा पेशन्स संपला आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संदेशातले दावे थोडक्यात असे. विंडोज १० वापरणे आता बेकायदेशीर झाले असून जीएसटीचे पोर्टल त्यावर चालणार नाही. विंडोज ११ साठी प्रत्येक संगणकामागे १५ हजार रुपये मोजावे लागतात. त्याऐवजी सोबतच्या क्रमांकावर ४९९ रुपये पाठवून ‘आजीवन’ की (विंडोजचा परवाना चालू करणारा सांकेतिक क्रमांक) आणि एक छोटा प्रोग्रॅम घ्यावा. दहा संगणकांपर्यंतच्या छोट्या व्यापाऱ्याला परवान्याचा कायदा लागू नाही. अपडेट कायमचे बंद ठेवावेत, कारण कंपनी त्यातून संगणक मुद्दाम मंद करते. आणि हे सगळे नको असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकावी, ते फुकट आहे आणि सगळे काही त्यावर चालते.

पहिला दावा निखालस खोटा आहे आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या सरसकट सर्वांना फुकट देणे थांबवले. तुम्ही रीतसर घेतलेला परवाना त्या दिवशी संपला नाही आणि संगणकही बंद पडला नाही. जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमधून भरले जाते आणि विंडोज १० वरच्या प्रमुख ब्राउझरना दुरुस्त्या अजून मिळत आहेत. दुरुस्तीविना राहिलेला संगणक दिवसेंदिवस अधिक असुरक्षित होतो हे खरे, पण असुरक्षित आणि बेकायदेशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ केली की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस ४९९ रुपये पाठवतो.

१५ हजारांचा आकडा कुठून आला ते संदेशात सांगितलेले नाही. विंडोज १० चा अस्सल परवाना असलेला आणि पात्रतेच्या अटीत बसणारा संगणक विंडोज ११ वर नेण्यासाठी एक रुपयाही पडत नाही. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच ते होते. पात्र आहे की नाही हे तपासणारा कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. तो चालवायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे न देता संदेश पुढे ढकलणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

आता ४९९ रुपयांची की, जिच्यामुळे हे सगळे लिहावे लागले.

एका रविवारी दुकानाचे शटर अर्धे ओढून आम्ही दोघे हिशेबाच्या संगणकासमोर बसलो. संदेशातली पहिली सूचना होती, “आधी अँटिव्हायरस बंद करा.” दुसरी होती, “प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.” भावाने दोन्ही इमानेइतबारे पाळल्या होत्या. विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर वगळलेल्या जागांची यादी उघडली, तर त्या प्रोग्रॅमने संपूर्ण सी ड्राइव्हच (डिस्कचा विंडोज असलेला मुख्य भाग) तपासणीतून वगळून टाकलेला दिसला. ठरावीक वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीतही त्याने स्वतःचे एक काम लावून ठेवले होते. मग परवान्याची मुदत दाखवणारी आज्ञा चालवली. पडद्यावर सहा महिन्यांच्या आतली एक तारीख आली. भाऊ ती तारीख दोनदा वाचून माझ्याकडे बघत राहिला. त्याला विकलेला परवाना आजीवन होता.

ती तारीख का येते हे समजून घेतले पाहिजे. शेकडो संगणक असलेल्या मोठ्या संस्थांना प्रत्येक यंत्रावर वेगळी की टाकत बसणे शक्य नसते. म्हणून त्यांना संस्थेच्या आत एक सर्व्हर ठेवण्याची सोय दिलेली असते. संस्थेतला प्रत्येक संगणक त्या सर्व्हरशी बोलून आपला परवाना चालू करतो, तो परवाना १८० दिवस टिकतो आणि मुदत संपण्याआधी संगणक पुन्हा सर्व्हरशी बोलून ती वाढवून घेतो. बाजारात फिरणारे अनेक ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ याच सोयीचा गैरवापर करतात. तो प्रोग्रॅम तुमच्याच संगणकात बसून आपण त्या संस्थेचा सर्व्हर असल्याचे भासवतो, आणि ते सोंग चालू राहावे म्हणून त्याला संगणकाचे सर्वाधिकार आणि बंद असलेला अँटिव्हायरस कायमचे हवे असतात. म्हणजे ज्या यंत्रावरून नेट बँकिंग होते, ज्यात गिऱ्हाइकांची उधारी आणि सात वर्षांचा हिशेब आहे, त्याची किल्ली अनोळखी माणसाने बनवलेल्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची, आणि वर त्याला पैसेही द्यायचे. यात प्रोग्रॅम न देता नुसती स्वस्त की विकणारेही असतात. ती की बहुधा दुसऱ्या कुठल्या संस्थेच्या घाऊक परवान्यातली असते. ती चालली तरी परवाना तुमच्या नावावर होत नाही, आणि ती रद्द झाली की तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न उरतो.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट अजून पुढेच आहे. भावाचा हा संगणक नामांकित कंपनीचा, विंडोज १० सह रीतसर बिलावर घेतलेला. अशा यंत्रांत परवान्याची की कारखान्यातच मदरबोर्डमध्ये बसवलेली असते. म्हणजे अस्सल परवाना त्याच्याकडे आधीपासून होता आणि यंत्र विंडोज ११ साठी पात्रही होते. त्याने ४९९ रुपये देऊन स्वतःच्या मालकीचा खरा परवाना बाजूला सारला आणि त्या जागी खोटा बसवून घेतला.

दहा संगणकांची सवलत हा तर धादांत अपप्रचार आहे. याला उत्तर म्हणून कोणाचे मत सांगण्याची गरज नाही, कायद्याचे कलमच पुरेसे आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मधले कलम ६३ बी संगणक प्रोग्रॅमच्या बेकायदेशीर प्रतीबद्दल आहे. अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षे कारावास, तसेच किमान ५० हजार आणि कमाल २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. दहा संगणक, वीस संगणक, छोटा व्यापारी, मोठा व्यापारी असा एकही शब्द त्या कलमात नाही. सवलत एकच आहे. प्रोग्रॅमचा वापर नफ्यासाठी किंवा व्यापारधंद्याच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय निकालपत्रात विशेष कारणे नोंदवून कारावास टाळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. म्हणजे कायद्याने जी सवलत धंद्याबाहेरच्या माणसासाठी ठेवली, ती या संदेशाने उलटी करून धंदेवाल्यांच्या गळ्यात घातली आहे. ‘जाणूनबुजून’ या शब्दाच्या आडही लपता येणार नाही, कारण अँटिव्हायरस बंद करून चालवण्याचा प्रोग्रॅम आणि ४९९ रुपयांची पावतीविना खरेदी यांनंतर “मला ठाऊक नव्हते” असे म्हणणे फार कठीण आहे.

अपडेटच्या मुद्द्यात रतीभर तथ्य आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकावर मोठा अपडेट उतरत असताना बिल काढायला पाच-पाच मिनिटे लागतात, हे मी पाहिले आहे. त्यावर उपाय एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवणे आणि अपडेटची वेळ दुकान बंद झाल्यानंतरची ठेवणे हा आहे. दुरुस्त्या बंद ठेवल्याने काय होते याचे उदाहरण २०१७ सालचे आहे. विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मेपासून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच फटीतून जगभर पसरला आणि ती दुरुस्ती न बसवलेली यंत्रे त्याला बळी पडली. जूनमध्ये त्याच फटीचाही वापर करून पसरलेल्या दुसऱ्या हल्ल्याने आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले होते.

लिनक्सबद्दल मी भांडणार नाही. केरळमधल्या शाळा कित्येक वर्षे त्यावर शिकवत आहेत, आणि पत्रव्यवहार, ईमेल, साधे तक्ते, मराठी युनिकोड टंकलेखन हे सगळे त्यावर उत्तम होते. “सगळे काही चालते” एवढे मात्र म्हणू नका. टॅलीसारखी आपली बहुतेक हिशेबाची आणि बिलांची सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बिलांचे काही प्रिंटर लिनक्सवर बसवताना जाणकार माणूस हाताशी लागतो.

एका गोष्टीत मात्र संदेश लिहिणाऱ्याचा कंपनीवरचा संताप मला मनाविरुद्ध मान्य करावा लागतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. भावाचा गल्ल्यावरचा संगणक सातव्या पिढीचा आहे, त्यात ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे, आणि तो आजही धडधाकट चालतो. असे यंत्र केवळ या अटीमुळे बाद ठरणे मला अन्यायाचे वाटते. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० च्या वाढीव दुरुस्त्यांची योजना आहे. ती ३० डॉलरला किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवल्यास फुकट मिळते. व्यवसायांसाठी मात्र दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी एका यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२ आणि तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षी योजनेत आलात तरी पहिल्या वर्षाचे पैसे चुकत नाहीत. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, म्हणजे ३५ हजार रुपयांच्या वर, आणि तेवढ्यात साधा नवा संगणक येतो. जुन्या यंत्रावर तीन वर्षे हा खर्च करत राहण्यात शहाणपण नाही. नव्या यंत्रावरचा १८ टक्के जीएसटी नियमित करदात्याला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो आणि आयकरात संगणक व सॉफ्टवेअर यांवर ४० टक्के घसारा मिळतो. विनाबिल घेतलेल्या ४९९ रुपयांच्या कीवर यातले काहीही मिळत नाही.

भावाकडे शेवटी हे केले. हिशेबाच्या संगणकातला डेटा बाहेर काढून तपासला, डिस्क पुसली आणि विंडोज नव्याने टाकले. मदरबोर्डमधली की आपोआप लागू झाली आणि संध्याकाळपर्यंत तो विंडोज ११ वर गेला. त्यासाठी पैसे द्यावे लागले नाहीत. गोदामातल्या जुन्या यंत्रावर लिनक्स टाकले. गल्ल्यावरच्या संगणकाचे इंटरनेट काढले असून तो या आर्थिक वर्षात बदलायचा आहे. मात्र या सगळ्याच्या आधी, हिशेबाच्या यंत्राची दुरुस्ती सुरू करण्यापूर्वीच, भावाच्या फोनवरून नेट बँकिंग, ईमेल आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड बदलून घेतले. ज्यांनी हा प्रोग्रॅम आपल्या दुकानात चालवला आहे त्यांनी हा मजकूर इथेच बाजूला ठेवून तेवढे काम आधी करावे, आणि ते त्या संगणकावरून करू नये.