तू नव्हतास ना त्यात?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. उद्यापर्यंत थांबले तर लिहिणार नाही, माहितीये मला.

दुपारी आमच्या जिन्यात चार पोरं, तेरा-चौदा वर्षांची असतील, एका म्हाताऱ्या काकांची काठी घेऊन वरखाली झेलाझेली करत होती. काका भिंतीला धरून उभे. एक जण मोबाइलवर शूटिंग करतोय, बाकीचे खिदळतायत. मी ओरडले तशी पांगली, एक सापडला. त्याच्या बाबांना बोलावलं. ते आले, काकांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पोराला पहिला प्रश्न काय, तर "तू नव्हतास ना रे ह्यात?" पोरगा क्षणभर गप्प. मग "नाही". झालं, विषय संपला. वर मलाच ऐकवलं, आमचा तसा नाहीये मॅडम, ह्या बाकीच्यांच्या नादाने होतं. अहो, काठी त्याच्या हातात होती!

आणि मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, मी गप्प बसले. कारण हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं.

माझा मुलगा बारा वर्षांचा असताना शाळेतून फोन आला होता. वर्गातल्या एका मुलाला तिघाचौघांनी मधली सुट्टी संपेपर्यंत बाथरूममध्ये कोंडून ठेवलं होतं. मुलगा घरी आला, दप्तर अजून खांद्यावर, आणि मी दारातच विचारलं, "तू नव्हतास ना त्यात?" तो म्हणाला, मी फक्त उभा होतो. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. ज्या मुलाला कोंडलं त्याच्या आईला फोनही केला नाही. काय बोलणार, आपला तर फक्त उभा होता ना.

आता कळतं की तो प्रश्न नव्हताच. मी उत्तर त्याच्या हातात ठेवलं होतं, त्याने फक्त ते परत दिलं.

आता इथे कमेंटमध्ये कोणीतरी येणारच की दोन ठेवून दिल्या की सरळ होतात, आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो. प्लीज नको. मारलेलं पोर काठी पळवायचं थांबत नाही, पकडलं कसं जायचं नाही ते शिकतं. आणि घरात ज्याच्या अंगात जोर त्याचं खरं, हे ज्याने रोज पाहिलं तो जिन्यात येऊन दुसरं काय करणार? त्याच्यासमोर ते काका होते, ज्यांना काठीशिवाय एक पायरी उतरता येत नाही. स्वीडनने 1979 सालीच मुलांवर हात उचलायला कायद्याने बंदी घातली, जगात सगळ्यात आधी. तिथली घरं काही कोसळली नाहीत.

पण उलटं टोकही तेवढंच वाईट. गेराल्ड पॅटरसन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लोकांच्या घरी जाऊन हे बघितलं होतं की मूल आकांडतांडव करतं, आईबाप वैतागून माघार घेतात, आरडाओरडा थांबतो, सगळ्यांना बरं वाटतं. म्हणजे मूल शिकलं की ओरडल्याने काम होतं आणि आईबाप शिकले की सोडून दिलं की शांतता मिळते. मी हे वाचलं तेव्हा मला ती दारातली दुपार आठवली. आमच्याकडे ओरडणं नव्हतं एवढंच, बाकी तेच. मी विचारायचं सोडलं आणि घरात शांतता झाली.

हो, सगळं आईबापांवर ढकलता येत नाही, मान्य. मित्र असतात, स्वभाव असतो, आणि ह्या वयात वेडेपणा करणारी बरीचशी पोरं पुढे आपोआप ताळ्यावर येतात. दोन-दोन नोकऱ्या करून रात्री घरी येणाऱ्या एकट्या आईला तर मी एक शब्द बोलणार नाही, तिला कोण विचारतं तू कशी आहेस म्हणून? पण ते बाबा दुपारी घरी होते. मीपण त्या दिवशी घरीच होते. वेळ होता आमच्याकडे. आम्हाला फक्त आपलं पोर चांगलं आहे हे ऐकायचं होतं, आणि ते काका, तो कोंडलेला मुलगा, हे आमच्या डोळ्यांसमोरच नव्हते.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या बाबांचा चेहरा आठवतोय. घाबरले होते ते. मीपण घाबरले होते तेव्हा, आपण आई म्हणून नापास झालो की काय म्हणून.

संध्याकाळी मुलाला हे सगळं सांगितलं. आता एकोणीस वर्षांचा आहे. बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला, मग म्हणाला, आई, कडी मी लावली होती.

सात वर्षं. मी म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू विचारलंसच असं की मला नाही म्हणावं लागलं.

मला त्या मुलाचं नावसुद्धा आठवत नव्हतं. ह्याला आठवतंय. पूर्ण नाव, कुठल्या बाकावर बसायचा ते, आणि आतून आधी दार वाजवत होता आणि मग वाजवायचा थांबला, तेही.