'गप्पा' म्हणालात म्हणून एवढं लिहिते आहे

हाडं ठिसूळ होण्याबद्दल रुग्णाला किती कळलंय, ते तयार पर्यायांच्या प्रश्नावलीतून उमगत नाही, बायकांशी बोलल्यावर उमगतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. त्या प्रतिक्रियेचं पहिलंच वाक्य : "मॅडम, चार बायकांशी गप्पा मारून शास्त्र होत नाही." पुढे प्रमाणित चाचणीचं महत्त्व, रुग्णांना शिकवण्याआधीचे आणि नंतरचे गुण, आणि माझी एक चूक.

चूक आधी मान्य करते. 'ऑस्टिओपोरोसिस नॉलेज टेस्ट', म्हणजे हाडं ठिसूळ होण्याबद्दलची माहिती तपासणारी चाचणी, 24 प्रश्नांची आहे असं मी लिहिलं. ती 1991 ची मूळ चाचणी. सुधारित चाचणीत 32 प्रश्न आहेत. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'गप्पा'. सर, हा शब्द मला लागला. हाडांच्या ओपीडीत 19 वर्षं नर्स म्हणून उभी राहिले आहे मी. केसपेपर हातात घेऊन समोरच्या बाईला "गोळी कशी घेता, सांगा बरं" असं विचारणं ही माझी ड्युटी होती. ते तुम्हाला गप्पा वाटत असेल तर तुम्ही ओपीडीत शेवटचं कधी बसला होतात?

आणि त्या 'चार बायकां'मध्ये माझी आई आहे. 61 व्या वर्षी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, घरी पाठवलं. या वयात नुसतं घसरून मनगट मोडलं तर हाडांची घनता तपासून घ्यावी, हे तिला तिथे कुणी सांगितलं नाही. मीही नाही, मी तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात होते. आठ वर्षांनी खुबा मोडला, तेव्हा कुठे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली आणि ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी सुरू झाली.

नियम तिला तोंडपाठ. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही. विचारलं की धडाधड म्हणून दाखवायची. एका रविवारी मी माहेरी होते. पहाटे उठली, गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली आणि पांघरूण ओढून पुन्हा कलंडली. मी ओरडले तर म्हणाली, "अगं, चहा म्हणजे पाणीच की. आणि झोपलेय कुठे? नुसती पडलेय." दोन महिने छातीत जळजळतंय म्हणून ती हैराण होती आणि आम्ही तिचं तिखट बंद केलं होतं. गोळी कशी घ्यायची हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असता, तर तिला त्याचे पूर्ण गुण मिळाले असते.

मूळ चाचणीत कॅल्शियम कशात असतं हे विचारताना पर्याय आहेत चीज, ब्रोकोली, डबाबंद सार्डिन. आमच्या ओपीडीत एका विद्यार्थिनीने हे मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा आजीबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या रोज नाचणीची भाकरी खाणाऱ्या. शंभर ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पण नाचणीचा प्रश्नच नव्हता. कागदावर आजी नापास.

आधीच्या-नंतरच्या गुणांवर तुम्ही बरंच लिहिलंय. शिकवून झाल्या झाल्या तोच पेपर पुन्हा दिला तर गुण वाढणारच. त्यात मी पडत नाही.

एकच करा. पुढच्या बॅचला प्रश्नावलीबरोबर गोळीचं रिकामं पाकीट आणि एक पेला द्या. समोरच्या बाईला विद्यार्थिनींनी म्हणावं, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, करून दाखवा." काय दिसलं ते इथे जरूर लिहा, मी छापेन. 'गप्पा' हा शब्द तेवढा परत नको.