‘जुना वाचक’ यांस उत्तर, जरा लांबलेलं

‘जुना वाचक’ साहेब, (बाई असाल तर क्षमस्व, नाव तुम्ही लपवलंय, मी नाही.)

‘पुस्तकाचं लक्ष्य ठरवा आणि दर महिन्याला हिशेब मांडा’ या माझ्या पुस्तकविक्रीवरच्या लेखाखाली तुम्ही चार आक्षेप नोंदवलेत. पहिला असा : “खांडेकरांच्या गावात बसून पुस्तकाचा धंदा शिकवताय. लेखक आहात की दुकानदार?” (खांडेकर म्हणजे वि. स., गाव म्हणजे आमचं कोल्हापूर.) बाकीच्यांकडे येतोच, आधी याचं बघू.

टीकेला माझी ना नाही. पण ही काय भाषा झाली? समोर बसून, आमच्या घरचा चहा घेत असं बोलला असतात का?

आणि दुकानदार म्हटलं की मला राग येईल असं वाटलं असेल, तर चुकीच्या घरात आलात. माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. सौदा निघाला की रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन काय, दर काय, तोलाई-हमाली किती कापली, सगळं दिवे लागायच्या आत वहीत चढायचं. शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडल्याशिवाय ते जेवायला घरी येत नसत. गूळ पिकवणाऱ्यानं पट्टी मागितली तर तो त्याचा हक्क, आणि लेखकानं मागितली की तो दुकानदार, होय?

माझ्या पहिल्या पुस्तकाची आवृत्ती ‘संपत आलीय’ असं प्रकाशक कैक वर्षं सांगत होते. छापल्या किती, खपल्या किती, पडून किती, कागदावर अक्षर नाही. करारात छापील किमतीच्या दहा टक्के मानधन होतं, पण किती प्रतींवर? विचारलं की हसून म्हणायचे, “तुम्ही लिहा हो, आकड्यांत कशाला पडता?” तुमचाच सूर, साहेब. लेखकानं आकडे बघू नयेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्या टेबलाच्या खणात ते आकडे असतात, हा माझा अनुभव आहे. वर्षाला पाचशे प्रतींचं लक्ष्य आणि त्याचा तक्ता मी तेव्हापासून ठेवतो. हौस म्हणून नाही.

राहता राहिले खांडेकर. शिरोड्याची शाळा सोडून ते १९३८ साली कोल्हापुरात आले आणि मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी त्यांनी लेखन केलं. पुढे ज्ञानपीठ मिळालं, १९७४ चं, मराठीतलं पहिलं. सिनेमासाठी लिहिलं म्हणून ते कुणी अडवलं नाही. तेव्हा त्यांचं नाव माझ्या अंगावर फेकण्याआधी थोडं वाचून यावं, ‘जुने वाचक’ म्हणवता म्हणून सांगतो.

आता बाकीचे. ॲमेझॉनवर ‘आपल्या विभागात पहिला’ हा फोटो लेखात नको होता, म्हणता. मान्य. तो क्रमांक दिवसातून अनेकदा बदलतो आणि लहान विभागात बोटावर मोजण्याइतक्या प्रतींनीही वर जाता येतं. बघा, चांगलं सांगितलं की मी ऐकतो.

ग्रंथालयानं घेतलेली प्रत कुणी वाचली हे कसं कळणार, असं विचारता. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून गावात आहे, जाऊन विचारा. मी विचारतो.

शेवटचा मुद्दा, वितरकाकडे पाठवलेल्या प्रती मी ‘विकल्या’त धरतो आणि सहा महिन्यांनी गठ्ठे परत येतात, हा. येतात की! सगळ्यांचेच येतात. त्यावर तुम्ही अख्खा परिच्छेद का खर्ची घातलात कळलं नाही. लक्ष्य ठेवायचं तर कुठंतरी धरून चालावंच लागतं.

या महिन्याचा तक्ता नेहमीप्रमाणे एक तारखेला टाकतोय. त्यात ‘परत आलेल्या प्रती’ असा नवा रकाना दिसेल. तो मी आधीच करणार होतो, तुमच्या प्रतिक्रियेशी त्याचा काही संबंध नाही.